वरचा खण

"थांबा, थांबा! असं हिसडू नका, मूठ हातात येईल," आप्पा म्हणाले, आणि त्याच क्षणी मूठ हातात आली.

जावई मागच्या मागे पलंगावर बसला. त्याच्या हातात नुसती लाकडी मूठ आणि कपाटाचा खण जागच्या जागी, जणू भिंतीतच चिणलेला. त्या खणात बबडीचं तापाचं औषध होतं. बबडी नऊ महिन्यांची. आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"एकशे दोनच्या वर गेलाय," लेक म्हणाली. "अरे, खाली जाऊन दुसरी बाटली तरी आण."

"दुकान चारला उघडतं. आत्ता दोन वाजलेत." जावयाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि आप्पांकडे न बघता विचारलं, "आप्पा, स्क्रू ड्रायव्हर घालू का फटीत?"

फट असती तर घातला असता, असं आप्पांच्या अगदी ओठावर आलं. खण आणि चौकट यांच्यामध्ये नखसुद्धा शिरत नव्हतं. तीच तर त्यांच्या कामाची खूण होती.

"घाला," ते म्हणाले. "ठोकून घाला. वरच्या कडेने."

दुसऱ्या ठोक्याला कडाड वाजलं. खण उघडला, पण दर्शनी फळीचा हातभर तुकडा उभा चिरून जमिनीवर पडला. लेकीने औषधाची बाटली उचलली, बूच दातांनी काढलं, चमचा भरला. साडेतीनपर्यंत बबडीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. या दमट हवेत घाम आलेला बघून घरात कुणाला आनंद झाला असेल, तर तो तेवढ्याच वेळी.

"जाऊ द्या हो आप्पा," जावई समजुतीने म्हणाला. "लाकूडच ते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

आप्पा सुतार. पण दारं-खिडक्या ठोकणारे नव्हेत, खणांचे सुतार. तिकडे, डोंगरमाथ्यावरच्या त्यांच्या कोरड्या गावात, त्यांना 'बिनफटीचे मिस्त्री' म्हणत. आप्पांच्या कपाटात शिरायचं तर मुंगीलाही परवानगी काढावी लागते, अशी गावात थट्टा होती. खण इतका बेताचा बसायचा की तो आत ढकलला की कपाटातल्या हवेला निसटायला जागाच उरत नसे. मग ती हवा वरच्या खणाला मागून ढकलायची आणि वरचा खण कुणी हात न लावता अलगद चार बोटं बाहेर यायचा. लोक पाहुण्यांना ते दाखवायला घेऊन यायचे. आप्पा काही न बोलता खालचा खण लोटायचे आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

घरच्या कपाटाचं मात्र त्यांच्या बायकोला मेलं काही कौतुक नव्हतं. "तुझ्या बापाचे खण तुझ्या बापासारखेच," ती लेकीला म्हणायची. "एकाला गप्प करावं, तर दुसरा तोंड उघडतो." म्हणून उजव्या हाताने खालचा खण लोटताना ती डावा तळवा वरच्या खणावर दाबून धरायची. पोरगी तिचं बघून तेच शिकली. तिचा हात पोचत नव्हता तेव्हा ती वरच्या खणाला डोकं टेकायची.

बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. लेकीला मूल झालं, तिची सुट्टी संपत आली, तेव्हा तिने फोनवर हट्टच धरला. "तिकडे एकटे भिंतींशी काय बोलत बसता? इकडे या. बोलायला निदान बबडी आहे, ती उलट उत्तर देत नाही." आप्पांनी घराला कुलूप लावलं. जुनं कपाट लेकीच्या जिन्यातून वर चढणारं नव्हतं. ते शेजारणीला दिलं. निघताना हत्यारांची पेटी घेतली आणि माळ्यावर वीस वर्षं वाळवलेल्या सहा फळ्या घेतल्या.

"या लाकडाला आता काही म्हणता काही होणार नाही," त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं आणि आठ दिवसांत बबडीच्या कपड्यांसाठी चार खणांचं कपाट उभं केलं. पहिल्यांदा खालचा खण लोटला आणि वरचा अलगद बाहेर आला, तेव्हा लेक टाळ्या वाजवत ओरडली, "आईचं कपाट!" मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली.

ते सुख महिनाभर टिकलं. मग हवा जड झाली.

इकडची हवा आप्पांना पहिल्याच दिवशी अंगाला चिकटली होती, ती चिकटलीच. अंघोळ करून अंग पुसावं, तोवर पुन्हा भिजलेलं. अंघोळ संपली कधी हे कळायला काही मार्गच नाही. तिकडे धुतलेला बनियन तासाभरात कडक होऊन दोरीवर पापणी न हलवता उभा राहायचा. इथे तीन दिवस लोळायचा आणि शेवटी त्याला वास यायचा. मीठ बरणीत गोळा होऊन बसे. आगपेटीची काडी पेटायच्या आधी मोडे. चपलांवर हिरवट लव उगवली. पेटीतली करवत तर आप्पांनी एकदा आठ दिवस बघितली नाही, तेवढ्यात तिच्यावर तांबडे ठिपके आले, गोवर आल्यासारखे. तेव्हापासून ते रोज सकाळी एकेक हत्यार तेलाच्या फडक्याने पुसत बसत.

"आप्पा, घामाशी भांडू नका," लेक सांगायची. "येतो तर येऊ द्या."

"येतोय की! घरजावयासारखा येऊन बसलाय, जायचं नाव नाही." मग जावई समोरच आहे हे ध्यानात येऊन ते म्हणत, "तुम्हाला नाही हो. इथे घरजावई कुठला, इथे मी घरसासरा." त्यावर जावईच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

पण तापाच्या दिवशी संध्याकाळी कुणी हसलं नाही. आप्पा सदरा चढवून बाहेर गेले आणि तासाभराने परत आले. खिशातून एक जाड तिकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"शनिवारची गाडी आहे," ते म्हणाले. "सकाळची."

लेकीने तिकीट वाचलं. "सोमवारपासून मी कामावर जातेय, आप्पा."

"खालच्या मजल्यावर पाळणाघर आहे ना?"

"आहे. वीस पोरं आणि दोन बायका." ती थांबली. "मला वाटलं होतं, तुम्ही..."

"ज्या माणसाच्या कपाटातून औषध निघत नाही, त्याच्या भरवशावर पोर टाकून जाऊ नये," आप्पा म्हणाले. "ही हवा माझी नाही, पोरी. इथे माझे हात आंधळे झालेत."

लेकीने तिकीट परत टेबलावर ठेवलं. बबडीला घेऊन आत गेली.

जायचं खरं, पण तुटलेलं काम मागे ठेवून जाणं आप्पांच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दर्शनी फळीसाठी लाकूड शोधायला निघाले. कोपऱ्यावर एक लाकूडवाला होता. सबंध वस्तीत त्याला 'रंधेवाला' म्हणत, कारण हवा जड झाली की तो खांद्यावर रंधा टाकून घरोघर फिरायचा आणि फुगलेली दारं तासून द्यायचा. आप्पांनी त्याला लांबून बघितलं होतं आणि मनातल्या मनात कधीच निकालात काढलं होतं. सुतार कसला, न्हावी आहे. दारांची दाढी करतो.

रंधेवाला पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्यात ओला पंचा. त्याने चिरलेला तुकडा हातात घेतला, उलटा-पालटा केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे कुणी केलंय?"

"मी."

"हाताने?"

"मग काय पायाने?"

रंधेवाला हसला. त्याने शेजारचं स्टूल पंचाने पुसून पुढे केलं. "बसा, मिस्त्री. असा सांधा मी जन्मात केला नाही, करणारही नाही. पण एक विचारू? फट किती ठेवली होती?"

"फट?" आप्पांनी तो शब्द चिमटीत धरून बाजूला टाकावा तसा उच्चारला. "मी फट ठेवत नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"आणि लाकूड?"

"वीस वर्षं वाळवलेलं. हाडासारखं कोरडं."

"अहो मग झालं तर!" रंधेवाल्याने कपाळाला हात लावला. "जेवढं कोरडं, तेवढं तहानलेलं. वीस वर्षांचा तहानलेला गडी तुम्ही विहिरीत आणून सोडलात, आणि वर म्हणता, फुगू नकोस. तो पिणारच की. पोटभर पिणार."

आप्पांनी तुकडा परत हातात घेतला. पन्नास वर्षं लाकूड हाताळलं. पण त्याला तहान लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे सांगायची गरजच पडली नव्हती.

रंधेवाल्याने फळकुटावरून पत्त्यांमधला एक जोकर उचलला. कडा घासून घासून त्याचं तोंड पार गेलं होतं. "हे माझं माप. चारी बाजूंनी हा जोकर फिरला पाहिजे. लोक म्हणतात, काय ढिसाळ काम आहे! म्हणू देत. उघडतं ना?"

"ढिसाळच आहे," आप्पा म्हणाले.

"आहेच," तो आनंदाने म्हणाला.

मग आप्पांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी त्याला ते सांगितलं. खालचा खण लोटला की वरचा कसा येतो ते. दोन्ही तळहात एकावर एक धरून, एक पुढे सारून, दुसरा हळूच मागे आणून दाखवलं. रंधेवाला लहान मुलासारखा बघत राहिला.

"आपोआप?"

"आपोआप."

"मला एकदा बघायचं होतं असलं काही."

"इथे नाही दाखवता यायचं," आप्पा म्हणाले. म्हणताना ते त्यांना स्वतःलाच नव्याने ऐकू आलं.

लाकडाचा तुकडा घेऊन ते घरी आले. नवी दर्शनी फळी बसवली, मूठ लावली. मग चारही खण बाहेर काढून जमिनीवर मांडले आणि रंधा हातात घेऊन त्यांच्यापुढे बसून राहिले. कडा आरशासारख्या होत्या. एकेका खणाच्या कडांवर दीड-दीड दिवस गेला होता. बबडी समोर सतरंजीवर बसून रंध्याकडे हात पसरत होती.

"बघ बाई," आप्पा तिला म्हणाले, "तुझा आजोबा आता न्हावी होतोय."

पहिला छिलका निघाला. तिकडचे छिलके कुरकुरीत निघायचे, पायाखाली चुरचुरायचे. हा केळीच्या सालीसारखा लुळा होता. बबडीने तो उचलून तोंडात घातला, आप्पांनी काढून घेतला, तिने दुसरा उचलला. असं दोघांचं दुपारभर चाललं. नाकावरून घाम टपटप लाकडावर पडत होता. आधी ते दर वेळी तो पुसायचे. मग पुसायचं सोडून दिलं.

माप घ्यायची वेळ आली, तेव्हा घरात पत्ते नव्हते. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर तिकीट पडलेलं होतं. हवेने ते जरा मऊ झालं होतं, पण दुमडलं की बरोबर जोकराएवढं जाड होत होतं. त्यांनी ते दुमडलं आणि खणाच्या कडेने सरकवून पाहिलं. अडलं. पुन्हा रंधा, कडेला मेण, पुन्हा तिकीट. पहिला खण, दुसरा, तिसरा. संध्याकाळपर्यंत तिकिटावर भुसा, मेण आणि घाम यांचा असा थर बसला की गाडी कुठली आणि वार कुठला, हे वाचणाऱ्याला देवच आठवला असता.

लेक कामाच्या ठिकाणी कागदपत्रं देऊन परतली. दारातूनच तिने जमिनीवरचा पसारा बघितला, बबडीच्या केसांतला भुसा बघितला, मग आप्पांच्या हातातला तो चिकट, काळपट कागद बघितला. ओळखायला तिला क्षणभर लागला.

"हे घेऊन गाडीत चढू देतील?" तिने विचारलं.

"नाही देणार," आप्पा म्हणाले. "मी असतो तर नसतं दिलं."

ती आत आली. पर्स ठेवली, बबडीला कडेवर घेतलं. आप्पांनी खण एकेक करून आत सरकवले. चारही मुकाट्याने गेले. कुठे अडणं नाही, घासणं नाही. बाजूंनी जोकराएवढी काळी रेघ दिसत होती.

"बघ चालवून," ते म्हणाले. "अर्ध्या रात्रीही औषध निघेल."

लेकीने सगळ्यात खालचा खण उघडला. बबडीचं झबलं काढून खांद्यावर टाकलं. मग पायाने खण आत लोटला आणि लोटता लोटता तिचा मोकळा डावा हात, कुणी न सांगता, वर गेला आणि तळवा वरच्या खणावर दाबून राहिला.

खालचा खण मिटला. वरचा हलला नाही.

हवा कडेच्या फटींतून कधीच निघून गेली होती. तरी लेकीने हात काढला नाही. तशीच उभी राहिली, पोर कडेवर, तळवा लाकडावर. आप्पांनी ते पाहिलं, मान खाली घातली आणि तेलाचं फडकं घेऊन रंधा पुसायला बसले.