दंडावरचा फोड

लग्नानंतर नऊ वर्षांनी प्रतीक आणि रसिकाला मुलगी झाली, ते २०२४ साल. ऐन संक्रांतीला ती जन्मली. नातीला बघायला खंडेराव आणि कुसुमावती इस्लामपूरहून दिल्लीतल्या द्वारकेला आले, तेव्हा खंडेरावांच्या लघवीतून रक्त जात होतं. एसटीच्या डेपोत मिस्त्री म्हणून उभी हयात गेलेली. गळती कुठं आहे ते आधी बघावं, एवढं त्यांना कळत होतं. प्रतीकने तपासण्या केल्या. मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली. ती दुर्बिणीतून खरवडून काढली आणि पुन्हा येऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, असं सहा वेळा, मूत्राशयात औषध सोडायचं ठरलं.

पहिल्या वेळी प्रतीक बरोबर होता. पण नोएडाच्या ऑफिसातून फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. नेमकं तेव्हाच नर्सबाईने समजावून सांगितलं, "बाबूजी, इसमें टीबी के ज़िंदा जीवाणु हैं. कमज़ोर किए हुए. दो घंटे रोकना, फिर पेशाब के बाद टॉयलेट में ब्लीच डालना."

खंडेरावांनी मान हलवली. त्यांच्या कानात 'कमज़ोर' शिरलंच नाही. 'टीबी' तेवढं शिरलं.

त्यांची थोरली बहीण, आक्का, त्या आजाराने गेली होती. परसातल्या छपरात तिचं अंथरूण, तिची वेगळी कपबशी. खंडू लहान होता, त्याला दारातूनच बघायला मिळायचं. ती गेल्यावर घरात कुणी त्या आजाराचं नाव घेतलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर आई सांगायची, "ताप आला होता." पुढे खंडेरावांच्या संसारातही तीच रीत राहिली.

"काय म्हणाली नर्स?" प्रतीकने फोन खिशात टाकत विचारलं.

"काही नाही. पाणी पी म्हणाली."

घरी दोन संडास होते. मागचा त्यांनी आपला करून टाकला.

दुसरा डोस झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. रसिकाने न्हाऊ घातलेली क्षिप्रा त्यांच्या मांडीवर आणून दिली. झबल्याची बाही वर सरकली होती. डाव्या दंडावर टपोरा, पुवाने भरलेला फोड होता.

"बाबा, तिथे हात नका लावू हं," रसिका घाईत म्हणाली आणि दूध गरम करायला गेली.

आपल्या अंगात सोडलेलंच हिला लागलं, असं खंडेरावांनी धरून टाकलं. त्यांनी पोरीला अलगद पाळण्यात ठेवलं. रसिकाला विचारावं तर आजाराचं नाव तोंडातून काढावं लागणार. नाव काढलं की आपल्याला छपरात टाकणार, असंच त्यांना वाटलं. द्वारकेच्या सातव्या मजल्यावर छप्पर कुठून येणार, हा विचार मनात आला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी आपली कपबशी वेगळी ठेवली. पोरगी रडली तर ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

"आता काय सोवळं पाळताय?" कुसुमावती हसल्या. "नातीसाठी जीव टाकत होता ना? आणि आता शिवत नाही तिला!"

"कंबर धरलीय माझी."

"कंबर धरायला काय गाडीखाली झोपलावता?"

तिसऱ्या डोसाला ते निघाले. मेट्रोने गेले, हॉस्पिटलच्या स्टेशनवर उतरले आणि तिथल्याच बाकावर बसले. शरीरात विष घालायचं थांबवलं, तर पोरीच्या अंगातलंही उतरेल, असा त्यांचा हिशेब. दुपारी घरी आले. "झालं का?" "झालं." पुढच्या प्रत्येक वेळी तेच. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा म्हणाले, "गावाला आहे मी."

आणि फोड खरंच सुकला. खपली धरली, गळून पडली, खाली गुलाबी खड्डा राहिला. त्या दिवशी खंडेरावांनी आपणहून हात पुढे केले. "दे गं इकडे," म्हणाले. पोरगी त्यांच्या मिशा ओढत होती आणि ते डोळे पुसत होते. कुसुमावतींना वाटलं, कंबर बरी झाली.

क्षिप्राच्या उष्टावणाच्या दिवशी पुन्हा रक्त गेलं. आता गाठ मूत्राशयाच्या भिंतीत उतरली होती, आणि भिंतीपलीकडेही.

डॉक्टरीणबाई मराठी होत्या, साताऱ्याकडच्या. "काका, दोनच डोस घेतलेत तुम्ही. का?"

प्रतीक वडिलांकडे बघत राहिला. "बाबा? मी दर वेळी विचारत होतो यार तुम्हाला..."

खंडेरावांनी सगळं सांगितलं. आजाराचं नावही घेतलं, साठ वर्षांनी पहिल्यांदा. डॉक्टरीणबाईंनी स्वतःची बाही वर केली. दंडावर तसाच खड्डा होता.

"काका, बाळाला जन्मल्यावर बीसीजीची लस देतात. टीबी होऊ नये म्हणून. महिना-दीड महिन्यात तिथे फोड येतो. यायलाच पाहिजे. तुम्हाला देत होतो तीही बीसीजीच. कॅन्सरशी लढायला अंगातली ताकद जागी करते ती. तुमच्यामुळे तिला काहीही झालं नव्हतं."

"म्हणजे मी औषध घेतलं असतं तरी..."

"तरी फोड सुकलाच असता."

"आता घेतो. सगळे डोस घेतो."

डॉक्टरीणबाईंनी प्रतीककडे पाहिलं. प्रतीकने खाली.

घरी आल्यावर कुसुमावतींनी ते ऐकलं. "अहो, प्रतीकलाही आला होता की असाच फोड! मी माहेरी होते, तुम्ही डेपोत. तीन महिन्यांनी बघायला आलात तेव्हा सुकला होता. मला एका शब्दाने विचारायचं होतं."

पुढे खंडेरावांनी अंथरूण धरलं. क्षिप्राला शेजारी बसवलं की तिचा डावा दंड धरायचे आणि त्या खड्ड्यावर अंगठा ठेवून पडून राहायचे. ती हात सोडवून घ्यायची, ते पुन्हा धरायचे.

खंडेराव ९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी द्वारकेच्या घरी वारले. क्षिप्राचं बोरन्हाण त्या वर्षी झालं नाही.