चार हात दोरी, सहा बोटं धोंड

वाडीच्या देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती.

"निर्मळ माणसानं वढली तर तीन मणांची धोंड फुलावानी उठती!" बुवा चिमटा नाचवत गरजला. "पाप्याला दोरी तसूभर सरायची न्हाई!"

साळूबाईनं छतातून लोंबणारी दोरी ओढली. साखळीला टांगलेली धोंड वर उठली. जयजयकार झाला.

आठवड्यापूर्वी धोंडाबाईनं ओढली, तेव्हा बुवानं चिमटा तीनदा खणकावला आणि दोरी हललीच नाही. तेव्हापासून त्या एकट्या विधवेला भातलावणीच्या सावडीतून, एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबण्यातून, वगळलं. ती सगळ्यांच्या खाचरांत राबली होती, पण तिच्या खाचरात कोणी पाय ठेवेना. रोप पिवळं पडायला लागलं होतं.

चंद्राबाई मास्तरीण खांबाशी ओठ आवळून उभ्या होत्या. बुवापेक्षा त्यांना स्वतःचाच राग येत होता. चौथीच्या मुलांना त्यांनी तरफ शिकवली, कप्पी शिकवली, चाक आणि आस शिकवला. पण सगळं सुटं सुटं. पोरं घडाघडा म्हणून दाखवत. ही यंत्रं एकमेकांना जोडली की काय होतं, तो पाठ पावसाळ्यानंतर घ्यायचा होता. बुवानं तो आधीच घेतला होता.

"दोरी किती सरली? धोंड किती उठली? मोजा," त्या मुलांना म्हणाल्या.

पुढच्या माणसानं ओढताना अंबूनं मोजलं. "दोरी चार हात, बाई. धोंड सहाच बोटं."

"मापाच्या एका हातात बोटं चोवीस. मग?"

"चार हातांची शहाण्णव. भागिले सहा..." अंबूचे डोळे मोठे झाले. "सोळा पट!"

"देव काय दोरी मोजून घेऊन धोंड उचलतो?" म्हणत चंद्राबाई बुवाच्या पाठीमागच्या पडद्याकडे निघाल्या.

"मास्तरीणबाई, पडद्याला शिवू नका! कोप हुईल!" बुवा ओरडला. तोवर पडदा खाली आला होता.

मागे त्याच दोरीनं वेढलेलं गाडीचं चाक, त्याच्या आसाला छतातून धोंडीकडे गेलेली दुसरी दोरी, आणि शेजारी पहार घेऊन बसलेला चेला.

"आरं, ह्ये तर माजं चाक!" रखमाजी किंचाळला. "म्या धर्माला दिल्यालं!"

"चाक आसाच्या आठपट मोठं," चंद्राबाई म्हणाल्या. "धोंडीच्या साखळीवरची, छतात लपवलेली हलती कप्पी जोर दुप्पट करते. आठ दुणे सोळा. तीन मण हाताला कळशीभर पाण्याएवढे लागतात. चिमटा तीनदा वाजला, की हा आऱ्यांत पहार घालतो आणि चाक अडतं. धोंडाबाई, आता ओढा."

धोंड उठली. धोंडाबाईनं दोरी सोडलीच नाही. तशीच धरून रडत राहिली.

"पर बाई," गर्दीतला गेनबा म्हणाला, "चाकात बी देवच असंल की."

चंद्राबाईंनी डोळे मिटून श्वास घेतला. "असेल, गेनबा. मग तो धोंडाबाईलाही पावला. विहिरीवरची कप्पी रोज ओढता, पहारीनं दगड उखडता. मग देवळात आलात की डोळे का मिटता? पडद्यामागं काय आहे, एवढं विचारा. विचारून पाप लागत नाही."

चंद्राबाईंनी मुलांना जवळ घेतलं.

"उद्या धोंडाबाईची लावणी. मी आणि मुलं येतोय."

साळूबाईनं पदर खोचला. "तुमी लावणार, बाई? मुळं वर नि पानं खाली! ऱ्हाऊ द्या. आमी येतो."