वैशाखातली गळती

वैशाख. माथ्यावर पांढरं पडलेलं, तापून तापून रंग हरवलेलं आकाश. पायाखाली भेगाळलेली काळीभोर जमीन. आणि या दोघांच्या कचाट्यात सापडलेलं वर्धेकाठचं ते गाव. पळस करपलेले, विहिरींचे तळ उघडे पडलेले, वाऱ्याला सुरीची धार आलेली. अशा त्या दाहक, दयाशून्य दुपारी गाव दारं लावून पडून राही. एकच दार तेवढं उघडं होतं.

ते घर प्रफुल्ल ढोकेचं. अंगणात कडुनिंबाची विरळ, विटकी सावली. सावलीत एक काळी मोटरसायकल. आणि मोटरसायकलीशी उकिडवी बसलेली वृंदा, प्रफुल्लची बायको. ओसरीवर भिंतीला टेकून तो तिच्याकडे बघत होता. बघण्यात माया नव्हती, कुतूहलही नव्हतं. कुस्तीत कोण पाठीवर पडतं ते बघायला माणसं बसतात, तसा तो बसला होता.

गाडी वृंदाच्या बापानं लग्नात दिलेली. हळदीकुंकू लावून, झेंडूचा हार घालून मांडवाच्या दारात उभी केलेली. कागदावर नाव जावयाचं. त्या दिवसापासून गाडी आपली आणि वृंदाही आपलीच, अशी प्रफुल्लची साधी सरळ समजूत होती. त्या समजुतीला आजवर कुणी धक्का लावला नव्हता.

आता वृंदाला तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली होती. सोमवारपासून, उजाडताच हजर व्हायचं. आणि गावातून पहिली एसटी सुटे ती ऊन चांगलं चढल्यावर. गाडी मिळाली तर नोकरी, नाही तर चूल. मधली वाट नव्हती.

पण गाडी गळत होती. पेट्रोलचा कॉक उघडला की कार्बोरेटरच्या नळीतून टप टप, टप टप, अखंड, अविरत. विकायला काढली तेव्हा दोन गिऱ्हाइकं वास घेऊनच परत गेली होती. वृंदानं गाडी मागितली तेव्हा प्रफुल्ल पोट धरून हसला.

"घेऊन जाय ना. आपल्या हातानं दुरुस्त कर अन् जाय घेऊन. पन गॅरेजवाल्याले हात लावू देनार नाही मी."

शब्द दिला होता त्यानं. हसत हसत का होईना, दिला होता.

आणि म्हणून ती आज त्या लोखंडापुढे बसली होती. हातात उसना पाना न् स्क्रूड्रायव्हर, पुढ्यात मोबाइलच्या व्हिडिओत दाखवून दाखवून थकलेला कुणी अनोळखी मिस्तरी, आणि गाठीशी शून्य अनुभव. तिनं कॉक बंद केला. नळी ओढून काढली. धूळधूसर, तैलस्निग्ध कार्बोरेटर इंजिनाच्या कुशीतून सुटा केला. तळहातात मावेल एवढी ती वस्तू, पण वजन असं की जणू अख्खं सासर त्यात भरलं होतं.

बुडाला एक वाटी. वाटीत पेट्रोल साठायचं, त्यावर फ्लोट तरंगायचा. वाटी भरली की फ्लोट वर यायचा, त्याच्या खांद्यावरची इवलीशी सुई भोकात बसायची आणि वरून येणारं पेट्रोल थांबायचं. सुई बसली नाही की गळती. ऐकताना किती सोपं होतं. वाटीचे स्क्रू मात्र वर्षानुवर्षांच्या मळात रुतलेले. तिनं जोर केला, स्क्रूड्रायव्हर सटकला आणि थेट तिच्या तळव्यात घुसला. रक्त आलं. त्या रक्तावर पेट्रोल ओघळलं आणि डोळ्यांपुढे तांबडी, पिवळी, जांभळी चक्रं फिरली.

"बोट तुटलं का वं?" ओसरीवरून आवाज आला. "मंग भाकर कोन थापन?"

तिनं ओढणीचं टोक तळव्याला गुंडाळलं आणि पुन्हा जोर केला. या वेळी स्क्रू फिरला. त्याचा तो कुरकुरता आवाज तिला कुठल्याही गाण्याहून गोड वाटला.

सुईच्या टोकाशी एक कण अडकला होता. गंजाचा, तिळाहून बारीक, तांबूस. एवढ्याशा कणासाठी एवढी गळती, एवढा उपहास, एवढे टोमणे. तिनं तो नखानं काढला. मग उत्साहाच्या भरात सगळंच पेट्रोलमध्ये बुडवून धुतलं: सुई, फ्लोट, वाटी, आणि वाटीच्या काठाचं रबरही. नवशिक्यानं करायची चूक तिनं मनापासून केली.

कारण रबर पेट्रोल प्यालं. प्यालं आणि फुगलं. खाचेत मावेना, इकडून दाबावं तर तिकडून उसळे. तिनं बोटांनी, नखांनी, शेवटी रागानं ते कोंबलं, स्क्रू आवळले, सगळं जागच्या जागी लावलं आणि कॉक उघडला. वाटीच्या चहूबाजूंनी पेट्रोल पाझरलं, ओघळलं, वाहू लागलं.

"आंधी थेंब पडे," प्रफुल्ल खदखदून हसला, "आता धार लावली बाईनं."

वृंदाला रडू आलं नाही, राग आला. आजचा नव्हे, मांडवातल्या त्या हारापासून साठत आलेला, रोज एकेक थेंब साठलेला, काठोकाठ भरलेला राग. या माणसाचा तिला वीट आला होता. ते तिनं मनातल्या मनात, पहिल्यांदाच, स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं.

तिनं कॉक बंद करून पुन्हा सगळं खोललं. मोबाइलमधला मिस्तरी पुन्हा लावला. तो सांगत होता, रबर पेट्रोलमध्ये फुगतं, घाबरू नका, वाऱ्यावर ठेवा, आपोआप आकसतं. घाईत तिनं मघाशी तेवढंच ऐकलं नव्हतं. तिनं ते रबर सावलीतल्या दगडावर ठेवलं. आणि सकाळपासून अंगावर धावून येणारा तो वैरी वारा, तो तप्त, तहानलेला वारा, त्या रबरातलं पेट्रोल शोषू लागला.

मधल्या वेळात तिनं हात धुऊन नवऱ्याला जेवायला वाढलं. ताट तिनं जरा जोरातच ठेवलं.

उन्हं कलली तेव्हा रबर खाचेत बसलं. न कुरकुरता, न उसळता. तिनं वाटी लावली, स्क्रू आवळले, कॉक उघडला आणि खाली बोट धरून बसून राहिली. बोट कोरडं. आणखी बसली. कोरडं. तिच्या घामेजल्या, धुळकट चेहऱ्यावर हसू उमललं आणि तिनं ओसरीकडे पाहिलं. प्रफुल्ल हसत नव्हता. त्याच्या कानाला फोन होता.

"हां, सुधाकरभाऊ. झाली दुरुस्त. एकदम ओके. या आताच, पाहून घ्या."

वृंदा उभी राहिली. "तुमी शब्द देल्ला होता."

"शब्दाचं काय घेऊन बसली. कागद माह्या नावावर हाये."

म्हणजे दिवसभर तो गंमत बघत नव्हता. गिऱ्हाइकासाठी गाडी फुकटात तयार करून घेत होता. तिचा घाम, तिचं रक्त, तिचा राग, सगळं त्यानं गाडीबरोबर विकायला काढलं होतं.

सुधाकर बोबडे शेजारच्याच गावचा, लगेच आला. डोक्याला पांढरा रुमाल, बोटांत बिडी, स्वभावानं सावध. त्यानं किक मारली. पहिल्याच किकला गाडी गुरगुरली. त्यानं इंजिन बंद करून किल्ली हातात घेतली, वाकून कार्बोरेटरखाली बोट फिरवलं, बोट पाहिलं, मान डोलावली. प्रफुल्लच्या छातीत वारा भरला.

तेव्हा वृंदा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आली.

"बिडी विझवा, भाऊ."

त्यानं गोंधळून, चार पावलं मागे सरून, बिडी चपलेखाली चिरडली. ती गाडीशी बसली. वाटीच्या अगदी तळाशी एक स्क्रू असतो, वाटी रिकामी करायचा. आज सकाळपर्यंत तो तिला माहीतही नव्हता. तिनं तो एक वेढा फिरवला. दुसरा फिरवला. आणि पेट्रोल सुटलं. निर्मळ, निर्भय, सांजउन्हात सोनेरी झालेलं.

"काय करून रायली तू?" प्रफुल्ल ओरडला.

"ह्यांची गाडी गळते, भाऊ," ती सुधाकरला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माही गळत नाही."

सुधाकरनं तिच्या तळव्याला गुंडाळलेली रक्ताळ ओढणी पाहिली. प्रफुल्लचा लालबुंद चेहरा पाहिला. असल्या घरातून गाडी नेली तर ती परत न्यायला कधी ना कधी हीच माणसं दारात येतील, एवढं त्याला कळलं. "घरातलं घरात निपटा," तो म्हणाला, आणि हातातली किल्ली त्यानं जवळच्या हातात दिली. जवळचा हात वृंदाचा होता.

तो गेल्यावर तिनं स्क्रू आवळला, सावकाश, शेवटच्या वेढ्यापर्यंत. मग घरात जाऊन आपली खाट बाहेर ओढली आणि गाडीला खेटून टाकली. चूल पेटली नाही. कुणी पेटव म्हणालंही नाही.

सूर्य बुडाला, वारा पडला, ऊन मात्र गेलं नाही. ते जमिनीत शिरून बसलं. ओसरीवर तो. अंगणात ती, किल्लीवर मूठ मिटून, डोळे उघडे ठेवून. आणि दोघांच्या मध्ये ती काळी, कोरडी, तापलेली जमीन. धगधगत, धुमसत, न निवता.