फिरत्या पेटीचा मुक्काम

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. तुम्ही मला पाहिलंत तर आधी हात जोडाल, आणि तिथेच चुकाल. माझ्या झाकणावर शेंदराचा इतका थर चढला आहे की खालची अक्षरं आता कुणाला दिसत नाहीत. तिथे 'फिरते वाचनालय' असं लिहिलेलं आहे.

माझा जन्म धुळ्याचा. एकोणीसशे पंचवीसच्या सुमाराला तोताराम मिस्तरीने मला घडवलं. त्याने तोवर पाळणे केले होते, तिजोऱ्या केल्या होत्या. पुस्तकांची पेटी पहिल्यांदाच करत होता. सागवान थोडं कमी पडलं म्हणून बुडाला त्याने सालईच्या मऊ, स्वस्त लाकडाची फळी ठोकली आणि वरून रंग फासला. रंग दिल्यावर आपण सगळेच सागवानी दिसतो.

मला भरायचं काम अभिमन मास्तरांकडे होतं. शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस स्वभावाने मोठा खट्याळ. सारखी पुस्तकं ते कधी शेजारी ठेवत नसत. रडवणाऱ्या कादंबरीला गुरांच्या रोगांची माहिती चिकटवायचे, एखाद्या राजाच्या चरित्राला भुतांच्या गोष्टी. अशा जोड्या करून प्रत्येक जोडी सुतळीने बांधायची आणि मगच आत ठेवायची. माझ्यातून एकटं पुस्तक कुणाला मिळतच नसे. बैलाच्या पाठीवर मारावी तशी माझ्या झाकणावर थाप मारून ते मला गाडीत चढवत. एका गावी महिनाभर राहायचं, मग पुढचं गाव. मी परत धुळ्याला आले की नवी पुस्तकं पोटात घेऊन पुन्हा निघायचं. ते माझे सुखाचे दिवस होते. मी धुळीने माखलेली असे, पण माझं झाकण दिवसातून दहादा उघडत असे.

अशीच फिरत फिरत मी पांझरा नदीच्या काठच्या एका गावी आले. गावात मोतीलाल आबांचा शब्द चाले. गाडी त्यांची, बैल त्यांचे आणि हौसही त्यांचीच. मला मारुतीच्या देवळात ठेवलं. पहिल्याच दिवशी चिंधा नावाचा शेतकरी आला. त्याची बायको मंजुळाबाई माहेरी चार इयत्ता शिकलेली. तिच्यासाठी त्याला गोष्टीचं पुस्तक हवं होतं.

"मास्तर, माले गोष्टनं द्या. हाई दुसरं कसाले?" तो म्हणाला.

"अरे, नवरी नेशील तर वऱ्हाडही न्यावं लागेल," मास्तर म्हणाले. "ने दोन्ही."

गोष्ट होती दुष्काळात घराबाहेर काढलेल्या एका पोरीची. वऱ्हाड म्हणून आलेलं पुस्तक होतं बर्फाच्या देशातल्या प्रवासाचं. मंजुळाबाईने आधी गोष्ट उघडली, हे सांगायला नको. दुपारी शेंगा फोडायला बायका जमत, तिथे ती मोठ्याने वाचू लागली. तिची सासू भागाबाई फणकारली, "वाचीसन भाकरी थापाई जातस का?"

पण चार दिवसांनी मजा झाली. एक दिवस गोष्टीतलं रडू फार झालं म्हणून मंजुळाबाईने ते पुस्तक बाजूला सारलं आणि वऱ्हाड उघडलं. कुणी न मागितलेलं ते पुस्तक! बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्या, महिनोन्महिने न उगवणारा सूर्य. बायकांचे हात शेंगांवरच थांबले. भागाबाईने विचारलं, "त्या बरफमा ढोरे काय खातस व?" त्या दिवसापासून एक तुकडा गोष्टीचा आणि एक तुकडा बर्फाचा असं वाचन सुरू झालं. संध्याकाळ झाली, मंजुळाबाई चुलीकडे निघाली, की सासूच तिला खाली बसवायची. "भाकरी मी थापस. तू वाच."

मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळ हार मिळाले. पण माझा खरा मान त्या एका वाक्यात होता.

मग दसरा आला. पूजेसाठी आबांनी घरोघरची सगळी पुस्तकं परत मागवली. मंजुळाबाईचीही आली. गोष्टीतली पोर नदीच्या काठाशी उभी होती, आणि पुढचं वाचायचं राहिलं होतं. आबांनी ते पुस्तक हातात घेतलं, चाळलं, आणि एका पानावर त्यांना हळदीचं बोट उमटलेलं दिसलं. आबा वाईट माणूस नव्हते. ते खरोखरच कळवळले.

"सरस्वतीले खरकटा हात लावतस का?" ते म्हणाले. सगळी पुस्तकं त्यांनी पुसून माझ्यात रचली, झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली. मला मारुतीच्या उजव्या हाताला चौथऱ्यावर बसवलं आणि नारळ फोडला. गावाने टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई डोक्यावर पदर घेऊन देवळाच्या पायरीशी आली. "आबा, मनं निम्मं पुस्तक वाचानं ऱ्हायनं शे. दोन दिन द्या."

"बाई, आते ती नुसती पेटी नही, देवी शे. पाया पड आनि जाय."

"सारं गाव पाया पडस," ती म्हणाली. "वाचस कोन?"

बाईमाणसाने आबांना असं बोलावं! चिंधाला बोलावून समज दिली गेली, त्याने घरी जाऊन तिला दिली, आणि विषय मिटला.

महिना भरला तेव्हा मास्तर धुळ्याहून मला न्यायला आले. आबांनी त्यांना मांडे वाढले, शाल दिली, पण गाडी काही दिली नाही. मास्तर विनवून सांगत होते, "आबा, ही फिरती पेटी आहे हो! पुढचं गाव वाट बघतंय." आबांनी हात जोडले, "गावनी देवी कशी जाऊ देऊ, मास्तर?" देवीपुढे कोण बोलणार? मास्तर हात हलवत परत गेले. पुढे त्यांचं वय झालं, आणि धुळ्याहून या गावाला दुसरी पेटी कधीच आली नाही. एक पेटी बळकावणाऱ्यांना दुसरी कोण देईल?

त्याच हिवाळ्यात भागाबाईने अंथरूण धरलं. देवळाच्या ओट्यावर बसणाऱ्या बायकांच्या तोंडून मला सगळं कळत होतं. म्हातारी रोज सुनेला गोष्टीतल्या पोरीबद्दल विचारायची, "तिनं पुढे काय व्हयनं व?" मंजुळाबाईने पुन्हा आबांच्या घरी खेटे घातले. आबा म्हणाले, दसऱ्याला बघू. शेवटी तिने स्वतःच एक शेवट रचला. पोर नदी ओलांडते, घरचे तिला शोधत येतात, पाय धुऊन आत घेतात. भागाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाई पुस्तकमानं नही व माय." आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचं न कळताच ती गेली. ते पुढचं माझ्या पोटात होतं, हाकेच्या अंतरावर, आणि मी झेंडूच्या माळा घालून बसले होते.

त्यानंतर दसरे आले नि गेले. दरवर्षी हळद-कुंकू, दरवर्षी शेंदूर. उघडायचं मात्र कुणाच्या मनात येईना. इतक्या वर्षांत माझ्या पाया न पडता सरळ आत आली ती एकटी वाळवी. चौथऱ्याच्या ओलीतून सालईच्या फळीत, आणि तिथून पानांत. तिने गोष्ट आणि माहिती असा भेद केला नाही. सगळं सारख्याच आवडीने खाल्लं.

या सालच्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला. देवळापुढे झेंडा लागला. थकलेले आबा काठी टेकत आले आणि म्हणाले, आज पेटी उघडू. किल्ली फिरेना, म्हणून कुलूप तोडलं. झाकण वर गेलं. आत वारुळाची माती होती आणि मातीत काही पुठ्ठे.

पांढऱ्या केसांची मंजुळाबाई बायकांतून पुढे आली. तिने मातीत हात घालून एक पुठ्ठा काढला, फुंकर मारली, नाव वाचलं. उघडला तर आत काहीच नव्हतं.

"कुलूप तं मी लायेल व्हतं!" आबा रडकुंडीला आले. "मंग?"

"कुलूप मानसेसले व्हतं, आबा," मंजुळाबाई म्हणाली.

तिने पुठ्ठा परत ठेवला आणि हात पदराला पुसत निघून गेली. गावाने माती नदीत सोडली. मला बुडाला नवी फळी मारली, तेल-पाणी केलं, नवं कुलूप लावलं आणि पुन्हा चौथऱ्यावर बसवलं. आज मी पूर्ण रिकामी आहे, आणि लोक अजूनही माझ्यापुढे डोकं टेकतात.

मित्रांनो, तुमच्या गावात पुस्तकं आली तर त्यांना हार घालू नका. हवं ते घ्या, आणि ज्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं असं शेजारचं एक उचला. पान मळेल, कोपरा दुमडेल, एखादं हरवेलसुद्धा. हरवू द्या. हरवलेलं पुस्तक निदान कुणाच्या तरी घरात असतं.