शिडी नणंदेकडे

पाऊस एकदाचा गेला होता आणि थंडी काही यायचं नाव घेत नव्हती. आठवडाभर नुसतं कोवळं ऊन. ना वारा, ना ढग. सगळं गाव खुशीत, गाद्या उन्हात, खिडक्या सताड उघड्या. मी मात्र रोज सकाळी आभाळाला शिव्या घालत होते. एक सर पडली असती तर काय बिघडलं असतं त्याचं?

आमचे हे कौलं शाकारणारे. उभं आयुष्य लोकांच्या छपरांवर गेलं, आणि असली कोरडी हवा म्हणजे त्यांच्या कामाचे दिवस. पण उन्हाळ्यात छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा शिडी चढलात तर मला बोलावू नका.

मग घरात नुसत्या येरझारा. खिडकीतून मान वाकडी करून समोरच्यांची कौलं बघायची, पुन्हा दार, पुन्हा खिडकी. माझाही जीव थाऱ्यावर नाही. चहाच्या कपालासुद्धा टिचकी मारायचे. कौल असंच पारखतात. चांगलं असलं तर खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं.

"अहो, कप आहे तो!"

"बद्द वाजतोय. बदल."

शिडी मी आधीच लपवली होती. दोन गल्ल्या पलीकडे, नणंदेच्या परसात. शहाणी ना मी!

शुक्रवारी म्हणाले, "ताईकडे जाऊन येतो." मी खुशीनं पाठवलं. म्हटलं, तेवढीच डोक्याला शांतता. आणि भांडी घासता घासता हातातलं पातेलंच सुटलं. नणंदेचं स्वयंपाकघर अख्खा पावसाळा गळत होतं! गळकं छप्पर, कोरडं ऊन आणि परसात त्यांची शिडी, मीच नेऊन ठेवलेली.

धावत सुटले. नणंद परसात तोंडावर हात ठेवून उभी. "वहिनी, मी आत चहा टाकत होते गं. केव्हा चढला, कळलंच नाही. आता खालीच येत नाहीये."

हे वर आढ्याला टेकून बसलेले. "ऊन खातोय जरा," वरून म्हणाले. आवाज बद्द होता.

जन्मभर मी शिडी खालून धरली, वर कधी गेले नव्हते. चपला काढल्या आणि चढले. हे बसल्या बसल्या सरकत कडेपर्यंत आले.

"पाय ऐकत नाहीत गं," हळूच म्हणाले. "ताईला सांगू नकोस."

"नाही सांगत. वळा. हा पाय इथे." घोटा धरून एकेक पायरीवर ठेवत मी खाली उतरत गेले. "खाली बघू नका."

"हे तू मला सांगतेस?"

"हो, मीच सांगतेय. गप उतरा!"

घरी येईपर्यंत मी तोंड वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मेलं ऊन. बेकरीवाला दारात. "भट्टीवरची कौलं गेलीत. येता का?" मी हात पुसत पुढे झाले, नाही म्हणायला. त्याआधीच हे म्हणाले, "दुसरं कुणी बघा. मी सोडलं ते काम."

या वाक्यासाठी आठवडाभर देव पाण्यात घालून बसले होते मी. ऐकलं आणि रडूच फुटलं.

बेकरीवाला वळला तशी मी ओरडले, "थांबा हो! वर कुणालाही चढवा. पण कौलं आधी खाली मांडा, वाजवून हेच देतील."

"खाली बसून कुणी कौलं वाजवतं का?" हे माझ्यावर खेकसले. पण एक पाय चपलेत गेला होता.