माप चुकलं असतं तर

खाणीत पाणी शिरलं आणि सात माणसं खाली अडकली. सर्व्हेअरच्या बहिणीचा नवराही त्यांच्यात होता.

जीव वाचवायला ती सगळ्यात उंचावरच्या बोगद्याकडेच धावली असणार. तिथवर वरून भोक पाडायचं, तर हातभर चूकही चालणार नव्हती. सर्व्हेअरने नकाशावरची मापं तीनतीनदा पडताळली, माळावर खुंटी ठोकली आणि मशीनवाल्याला म्हणाला, "इथेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी भोक आरपार गेलं. लोकांनी त्यात सोडलेल्या पाइपवर हातोडी ठोकली, हाका मारल्या. खालून कुणी ओ दिली नाही. नुसतं काळं पाणी पाइपातून वर आलं.

"दादा, तुझी जागा चुकली असेल," शेजारी उभी असलेली बहीण म्हणाली. "तुला कोणी बोल लावणार नाही रे. दुसरीकडे पाड ना."

आपलं माप चुकलेलं असावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. पण पाण्याबरोबर लाकडी टेकूच्या ढलप्या वर आल्या होत्या, आणि लाकडी टेकू फक्त त्याच बोगद्यात होते. त्याने बहिणीचा हात धरला.

"नाही गं. जागा बरोबर आहे."

तिने हात सोडवून घेतला आणि त्या चिखलातच मटकन खाली बसली.