पापुद्र्यावरची पावलं

"व्हर्ल, पुरे आता! चौथ्यांदा दाबतोयस ते चाक," मी म्हणालो. "मुलगी येतेय तुझी, तपासणी अधिकारी नव्हे."

"वाळू भुसभुशीत आहे आज," तो पुटपुटला आणि हवा थोडी सोडून परत भरायला लागला.

व्हर्ल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. गावाबाहेरच्या लाल कातळावरून जाणारी ही सायकलची वाट आम्ही पाच मित्रांनी शनिवारी शनिवारी खपून तयार केली. व्हर्ल स्वभावाने गरीब, पण एका बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. वाटेच्या कडेला वाळूवर काळा, खरबरीत पापुद्रा धरतो. तो शेवाळ-बुरशीचा, जिवंत असतो. त्यावर एकदा पाय पडला, की भरून यायला पन्नास वर्षं लागतात. फोटोसाठी कुणी दोन पावलं आत गेलं, की व्हर्ल असा ओरडायचा की समोरच्या कड्यावरून आवाज परत यायचा. आम्ही त्याला फौजदारच म्हणतो.

बावीस वर्षांपूर्वी तो स्वतःच्या मुलीवर ओरडला. मार्लिस तेव्हा अकरा वर्षांची होती. वाटेत गुडघाभर उंचीची दगडी पायरी आहे. एका बाजूला खोल घळ, दुसऱ्या बाजूला पापुद्रा. पोर वरून म्हणाली, "बाबा, खाली उभे राहा ना, हात धरा." उभं राहायचं तर पापुद्र्यावरच. "माझा पाय तिथे पडणार नाही," व्हर्ल म्हणाला. "भीती वाटत असेल तर उतर आणि चालत ये." खाली आमच्या मित्रांची पोरं फिदीफिदी हसत होती. मार्लिसने रागाने हँडल वळवलं आणि सरळ पापुद्र्यावरून खाली आली. त्यानंतर सगळ्यांसमोर तो तिला जे काही बोलला, ते आठवलं की मला अजून लाज वाटते, कारण मी शेजारीच होतो आणि गप्प राहिलो.

त्या दिवसापासून मार्लिस या वाटेवर आली नाही. लग्न करून सिअ‍ॅटलला गेली. तिचा फोन यायचा, पण आईला. चाकाचा तो माग अजून दिसतो. दर वसंतात व्हर्ल तो झाकायला जुनिपरच्या झुडपांच्या वाळक्या फांद्या टाकतो.

आणि या एप्रिलमध्ये तिनेच कळवलं, की तिची लेक विनी आता अकराची झालीय, तिला त्या वाटेवर सायकल चालवायचीय.

दोघी आल्या. मार्लिसने भाड्याची सायकल घेतली होती. "काय ओरिनकाका, टक्कल पूर्ण झालं वाटतं!" ती मला म्हणाली. बापाला मात्र नुसतं "बरे आहात ना?"

व्हर्लला स्वस्थता अशी नव्हतीच. पुढे जायचा, मागे यायचा, विनीचे ब्रेक बघायचा. पोटऱ्यांत गोळे येऊ नयेत म्हणून आम्ही काकडीच्या लोणच्याचं पाणी पितो. त्याची बाटली त्याने पहिल्या मैलातच संपवली.

"आजोबा, तुम्हाला शू लागलीय का?" विनीने विचारलं. मार्लिस हसली, पण तो हसला नाही.

पायरी आली तशी विनी वरच थांबली. व्हर्ल आणि मी उतरून खाली आलो होतो. मार्लिस तिच्या मागे होती आणि फांद्यांकडे बघत होती.

"आई, इथेच ना गं?" विनी म्हणाली. मग खाली वाकून, "आजोबा, मी चालत येते. आईने सांगितलंय, तुम्हाला तिथे उभं राहायला सांगायचं नाही."

व्हर्लने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी गप्प बसलो नाही. "अरे, जा की!" मी म्हणालो.

त्याने सायकल आडवी ठेवली आणि पापुद्र्यावर पाय टाकला. करकर आवाज झाला. त्याने दुसरा पायही टाकला.

"ये," तो म्हणाला. त्याने दोन्ही हात वर केले. "बूड मागे घे, ब्रेक हळू सोड. मी आहे."

विनी आली. पुढचं चाक धाडकन आदळलं, तिने त्याची कॉलर धरली, दोघं भेलकांडत आणखी दोन पावलं आत गेली. पोर खिदळत सुटली.

व्हर्ल बाजूला व्हायला निघाला.

"बाबा, तिथेच थांबा," वरून मार्लिस म्हणाली. "मला पण यायचंय."

"तू... तुझं वजन पेलेल का मला आता?"

"ते मला नका विचारू. धरा हात."

त्याने धरला. ती खाली आल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

निघताना व्हर्लने सवयीने एक वाळकी फांदी उचलली. जुन्या मागाशेजारी त्याच्या बुटांचे ठसे उमटले होते, झिजलेल्या टाचेसकट. आम्हा म्हाताऱ्यांपेक्षा ते नक्की जास्त टिकतील.

"राहू द्या ते ठसे," मार्लिस म्हणाली.

दोघी पुढे गेल्या. व्हर्ल फांदी हातात धरून तिथेच उभा होता. मीही त्याला घाई केली नाही.